एकही डबी रिकामी आली नाही

'लोकसहभाग' हा शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारला की माझं डोकं अजूनही फिरतं. परवा क्षयरोगाचं काम करणारी काही शिकलेली पोरं घरी आली होती. बोलणं गोड, हातात फायली, गळ्यात ओळखपत्रं. म्हणाली, "आजी, आता आम्ही संशोधन लोकांना सोबत घेऊन करतो." मी त्यांना चहा दिला, कारण दारात आलेल्याला चहा द्यायची सवय आहे. पण मनातून कपबशी आपटावीशी वाटली. पोरांचा काही दोष नव्हता. त्यांचा जन्म व्हायच्या आधी आम्हालाही असंच सोबत घेऊन झालेलं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा हिंगोली नुसता तालुका होता, जिल्हा परभणी. आमचं गाव सेनगावच्या अंगाला, एस.टी.तून उतरल्यावर बराच वेळ चालावं लागे. गावाच्या खालच्या बाजूला ओढा आणि ओढ्याच्या पलीकडे आमची बौद्धांची वस्ती. मी तिथं नुकतीच लग्न होऊन आले होते. सातवीपर्यंत शिकलेली, म्हणजे वस्तीतली सगळ्यात शिकलेली सून, आणि भाकरी मात्र थापता येत नव्हती. सासू आधीच गेलेली. घर मोठ्या जावेच्या हातात होतं. तिला मी अक्का म्हणायचे. माझ्या करपलेल्या भाकरी ती गुपचूप स्वतःच्या ताटात घ्यायची आणि थोरल्या दिरांना सांगायची, "आज तवाच बिघडला." असा तिनं कितीतरी महिने तवा बिघडवला. ती नसती तर मी पहिल्याच वर्षी माहेरची वाट धरली असती, हे मी आजही कुणालाही सांगते.

आमच्या भिंतीला भिंत लागून शेजारीण राहायची. ती आणि अक्का एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या, त्यामुळे दोघींचं सख्ख्या बहिणींपेक्षा जास्त. मधल्या मातीच्या भिंतीला वरच्या बाजूला हात जाईल एवढं भगदाड पडलं होतं. ते दोघींनी कधी बुजवू दिलं नाही. इकडून कालवणाची वाटी जायची, तिकडून ती परत यायची, पण रिकामी कधी नाही. घरात काही नसलं तर गुळाचा खडा, चार शेंगदाणे, तेही नसलं तर मूठभर ज्वारी. रिकामी वाटी परत देणं म्हणजे संबंध संपला असं सांगणं. हे आमच्यात कुणी शिकवत नाही, लेकरं बघून बघून शिकतात. मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं रामायण या एका सवयीतून झालं.

त्या वर्षी दिवाळीपासून अक्काला खोकला लागला होता. कापूस वेचता वेचता ती मध्येच सरीत बसायची. संध्याकाळी अंग तापायचं. चोळी खांद्यावरून ओघळायला लागली होती. पदराला लाल ठिपका पडला की ती पदर दुमडून घ्यायची आणि आम्हीही दुसरीकडे बघायचो. आम्हाला कळत नव्हतं असं नाही. पण रोगाचं नाव घेतलं की तो घरात येऊन बसतो अशी धास्ती, म्हणून कुणी नाव घेत नव्हतं. तिची दोन लेकरं लहान होती. धाकटं अजून तिच्याच कुशीत झोपायचं.

अशात गावात जीप आली. मोठ्या शहरातून क्षयरोगावर संशोधन करणारे साहेब आले होते. चावडीपुढं सतरंजी अंथरली गेली. माझे पती कडेला उभं राहून सगळं ऐकून आले. साहेब म्हणाले होते, "हे काम आमचं नाही, तुमचं आहे. गावाच्या मदतीशिवाय आम्ही एक पाऊल टाकणार नाही." ऐकून मला खरोखर बरं वाटलं. मग त्यांनी गावाची समिती केली. सरपंच, पोलीस पाटील, किराणा दुकानदार आणि शाळेचे गुरुजी. झालं गाव! बाई एकही नाही. आमच्या वस्तीतलं कुणी नाही. माळावरच्या तांड्याचा नायक तर कुणाला आठवलासुद्धा नाही. समितीनं चहा घेतला, साहेबांनी चहा घेतला, आणि गाव सहभागी झालं. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि त्याला सोबत चालणं म्हणायचं!

समितीनं काम सोपवलं कोतवालावर. साहेबांच्या माणसांनी डब्यांची टोपली त्याच्या डोक्यावर दिली आणि ते स्वतः ओढ्याच्या गावाकडच्या काठावर उभे राहिले. डब्या छोट्या, झाकणाच्या, वर नंबर चिकटवलेला. कोतवालानं वस्तीच्या तोंडाशी उभं राहून दवंडी दिली.

"ऐका हो! ज्याला खोकला हाय त्यानं डबी घ्यायची. सकाळी उठल्या उठल्या बेडका काढून डबी भरून द्यायची. रिकामी डबी कुनी परत आणायची न्हाई. साहेबानं बजावून सांगितलं हाय. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय!"

एवढंच. बेडका कशाला पाहिजे, त्यात काय बघणार, ज्याचा त्याचाच का लागतो, नुसती थुंकी काहून चालत नाही, आणि बेडका येतच नसेल तर रिकामी डबी दिली तरी काही बिघडत नाही, यातलं एक अक्षर कुणी बोललं नाही. सांगायला किती वेळ लागला असता? चहा थंड व्हायच्या आत झालं असतं.

खोकला कुणाला नव्हता? कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या चुलीत घालून फुंकणाऱ्या बायांनी खोकू नये तर काय करावं! त्यात कुणीतरी म्हणालं, डबी घेणाऱ्याला फुकट औषध मिळणार आहे. मग पुष्कळ जणींनी डब्या घेतल्या. अक्कानंही घेतली. मला वाटलं, चला, आता नाव न घेताच हिचा रोग सापडेल आणि औषध मिळेल. त्या डबीकडे मी देवाकडे बघावं तसं बघत होते.

दुसऱ्या दिवशी फटफटलं तेव्हा मी चूल पेटवत होते. भगदाडातून शेजारणीचा आवाज आला.

"बाई, उठली का गं? मघापासून खाकरून राहिले, पर कायबी येत न्हाई. लोकाचं भांडं हाय, रिकामं कसं वापस देऊ?"

अक्काला नुकतीच उबळ येऊन गेली होती. ती भिंतीला टेकून बसली होती. हसली आणि म्हणाली, "आण इकडं. जलमात पैल्यांदा माह्यापाशी वाटाया भरपूर हाय."

शेजारणीची डबी भगदाडातून आली आणि भरून परत गेली. तेवढ्यात गल्लीच्या टोकाची म्हातारी आपली डबी पदराआड घेऊन दारात उभी राहिली. तिच्यामागं बाळंतपणाहून नुकतीच परत आलेली एक कोवळी सून. अक्कानं कुणाला नाही म्हणायचं? पीठ उसनं मागायला आलेल्या बाईला तिनं कधी परत पाठवलं नव्हतं. ती खोकत गेली आणि देत गेली. मी म्हणाले, "अक्का, तुमच्या डबीला काय राहील?" तर म्हणाली, "माह्यापाशी काय तोटा हाय का?"

तोटा पडला. स्वतःच्या डबीची पाळी आली तोवर तिची छाती रिकामी झाली होती. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, पण वर आली ती नुसती फेसाळ थुंकी. कोतवाल बाहेरून हाका मारत होता. तिनं तीच डबीत टाकली आणि झाकण लावून दिली. कोतवालानं टोपलीत बघितलं आणि खुश होऊन म्हणाला, "एकबी डबी रिकामी न्हाई. शाबास!"

काही आठवड्यांनी निकाल आला. तो सांगायलाही कुणी ओढा ओलांडला नाही. कोतवालानंच गावाकडच्या काठावरून ओरडून सांगितलं, सगळ्या वस्तीला आणि धुणं धुणाऱ्या गावातल्या बायांनाही ऐकू जाईल असं. शेजारणीला टीबी. म्हातारीला टीबी. त्या कोवळ्या सुनेला टीबी. बाकी सगळे निरोगी. अक्का निरोगी!

थोरल्या दिरांनी वस्तीभर गूळ वाटला. पलीकडच्या घरात शेजारणीचा नवरा कपाळाला हात लावून बसला होता, आणि इकडे आमची माणसं तोंड गोड करत होती, आणि अक्का भिंतीला टेकून खोकत होती. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातली गत.

मग गावानं आपलं काम चोख केलं. खुरपणीला आमच्या वस्तीतल्या बायांना कुणी बोलवेना. दुकानदार, तोच समितीतला, सामान लांबून जमिनीवर ठेवू लागला. कोवळ्या सुनेच्या नवऱ्यानं तिला तान्ह्या लेकरासकट माहेरी नेऊन घातलं आणि वळून बघितलं नाही. म्हातारी औषधाच्या सुईच्या भीतीनं हट्टा गावी लेकीकडे पळाली. उरली एकटी शेजारीण. तिला ना खोकला ना ताप, घागर डोक्यावर घेऊन ओढ्याचा चढ पळत चढणारी बाई. तिला साहेबांच्या सुईवाल्याकडून आठवड्यातून दोनदा सुई आणि रोजच्या गोळ्या.

मी घरात सगळ्यांना खरं काय झालं ते सांगितलं. दीर म्हणाले, आता मोठ्या लोकांशी कोण वाद घालणार. मी म्हणाले, मी घालते. बाजाराच्या दिवशी मी आणि शेजारीण सेनगावला गेलो. साहेबांचा मुक्काम तिथं होता. मांडवाखाली टेबल टाकून ते बसले होते. आम्हाला खुर्ची कुणी दिली नाही, आणि आम्ही मागितलीही नाही. मी उभ्यानं सगळं सांगितलं, डबी कुणाची, बेडका कुणाचा, आणि का दिला ते.

साहेब आधी हसले. मग त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "नमुने एकमेकांत मिसळले म्हणता? असं झालं असेल तर सगळ्या गावाचं काम रद्द करावं लागेल. किती उत्तम सहभाग दिला तुमच्या समितीनं! एकही डबी रिकामी आली नाही. असं गाव मला दुसरं मिळालेलं नाही." मग शेजारणीकडे वळून म्हणाले, "बाई, सुईची भीती वाटते म्हणून ही गोष्ट रचलीत ना?"

शेजारीण म्हणाली, "साहेब, भ्याव कशाचं? पर ज्याला रोग त्याला दवा पायजे का न्हाई? रोग तिला हाय. मला काहून टोचता?"

"प्रयोगशाळा खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले.

मी म्हणाले, "मग माझ्या जावेची डबी आमच्यासमोर एकदा परत घ्या. एवढंच करा." तर म्हणाले, या गावच्या डब्यांचं काम संपलं, तिला दुसऱ्या दवाखान्यात न्या. आणि शेजारी बसलेल्या माणसाला हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं, "या लोकांना समजावणं फार कठीण असतं." समजावलं होतं कधी? एकदा तरी? मला त्यांची दौत उचलून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ओतावीशी वाटली. शेजारणीनं माझा हात धरला म्हणून ते राहिलं.

अक्काला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसानं नाडी बघितली आणि विचारलं, मोठ्या साहेबांच्या तपासणीत काय निघालं? काही नाही म्हटल्यावर त्यानं खोकल्याचं लाल औषध दिलं. घरी येईपर्यंत अक्का रस्त्यात दोनदा बसली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा मला म्हणाली, "धाकट्याला तू सांभाळ गं." मी तिच्यावर खेकसले. रडण्यापेक्षा खेकसणं मला सोपं जातं.

त्याच संध्याकाळी भगदाडातून वाटी आली. वाटीत कालवण नव्हतं. कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या होत्या.

अक्का म्हणाली, "हे काय गं? ह्या तुह्या हायेत."

पलीकडून उत्तर आलं, "माह्या काहून? भांडं तू भरून दिलं होतं. ते रिकामं वापस देऊ काय?"

मी शेजारणीच्या नावानं सुईवाल्याकडून नीट विचारून घेतलं, गोळी कधी घ्यायची, कशासोबत, किती महिने. अक्काचं अंथरूण वेगळं केलं, लेकरांना माझ्याजवळ घेतलं. रोज वाटी यायची आणि रोज तिच्यात काहीतरी घालून अक्का ती परत करायची. उन्हाळा लागला तोवर तिचा ताप उतरला. पावसाळ्यात ती परत जात्यावर बसली, आणि एक दिवस मी भाकरी करपवली तर म्हणाली, "आता तवा बिघडत न्हाई, पोरी. आता तू शिक." मी त्या दिवशी चुलीपुढे बसून खूप हसले आणि नंतर खूप रडले.

इथं गोष्ट संपली असती तर मी कदाचित त्या साहेबांना माफ केलं असतं. पण गोळ्या नुसत्या मिळत नव्हत्या. सुईवाला सायकलवर यायचा आणि ओढ्याकाठच्या लिंबाखाली बसायचा. सुई घेतली तरच पुढच्या गोळ्या. शेजारीण ज्या दिवशी सुई चुकवेल त्या दिवशी अक्काची गोळी बंद. म्हणून ती चुकवत नव्हती. कंबरेला गाठी आल्या, एका कुशीवर झोपता येईना, तरी पदर खोचून लिंबाखाली जायची. आणि मग एक दिवस मला म्हणाली, "पोरी, कानात रातकिडे वरडून राहिले गं. भर दुपारी."

पुढं तिला जात्याची घरघर ऐकू येईना. घागर घेऊन चढ चढताना ती लडखडू लागली. जी बाई पळत चढायची, ती कुंपणाला धरून चढायला लागली. मी सुईवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "उन्हानं होतं, अशक्तपणा हाय." पुढच्या खेपेला मी त्याची सायकल धरून ठेवली आणि म्हणाले, सुई बंद करा, गोळ्या चालू ठेवा. माणूस वाईट नव्हता. सामान आवरता आवरता म्हणाला, "ते माह्या हातात न्हाई, बाई. वरून ठरलं हाय. काही गावांना सुई अन् गोळ्या, काही गावांना नुसत्या गोळ्या. कशानं जास्त गुण येतो ते त्यास्नी बघायचं हाय. चिठ्ठी टाकून गावं वाटली म्हनं."

चिठ्ठी टाकून! म्हणजे शेजारच्या एखाद्या गावात नुसत्या गोळ्यांवर काम चाललं होतं, आणि आमच्या नशिबाला सुई आली होती. आणि आमच्याच गावात, आमच्याच घरात, एक बाई नुसत्या गोळ्यांवर बरी होत होती, जिची त्यांच्या लेखी काही गणतीच नव्हती. समितीनं कधी वस्तीत येऊन सांगितलं का, की तुमच्यावर अशी चिठ्ठी टाकली आहे, तुम्हाला चालतं का? समितीला तरी माहीत होतं की नाही, देव जाणे. माझ्या हातातून सायकल सुटली आणि ती त्याच्या पायावर पडली. मी उचलायला मदत केली नाही.

अक्काला हे कळलं तेव्हा तिनं भगदाडात चिंधी कोंबली. म्हणाली, "आजपासून मी गोळी घेत न्हाई. माह्या श्वासासाठी तिचे कान नको." शेजारीण पुढच्या दारानं घरात शिरली. एवढी मोठ्यानं बोलत होती की अर्धी वस्ती गोळा झाली, कारण आपण किती मोठ्यानं बोलतो हे तिला आता कळत नव्हतं.

"गिळ! गिळ म्हनते ना! तुही लेकरं काय रस्त्यावर टाकायची हायेत? मला ऐकू आलं काय अन् न्हाई आलं काय, जलमभर नवऱ्याच्या शिव्याच ऐकल्या. तेवढी तकलीफ वाचली."

आणि तिनं अक्काचे गाल धरून, लेकराला द्यावी तशी गोळी तिच्या तोंडात घातली. अक्का रडत होती, शेजारीण ओरडत होती. शेवटी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सुईचे महिने संपले, मग नुसत्या गोळ्यांचे महिने सुरू झाले. अक्का पूर्ण बरी झाली. शेजारणीचे कान मात्र परत आले नाहीत.

पुढच्या वर्षी ज्वारी खळ्यावर आली तेव्हा जीप परत आली. चावडीपुढं पुन्हा सतरंजी. या वेळी वस्तीतल्या बायांनाही बोलावलं होतं, मागं बसायला. समितीच्या चौघांना हार घातले, नारळ दिले. सरपंच फुगून बसला होता. साहेब म्हणाले की या गावाच्या सहभागाचं उदाहरण ते सगळीकडे सांगतात. मग म्हणाले, "आणि ही पाहा तुमच्याच गावातली बरी झालेली पेशंट," आणि शेजारणीला पुढं बोलावलं. तिला कळलंच नाही. अक्कानं तिला हलवून उठवलं.

"काय बाई, आता बरं वाटतं ना?" साहेबांनी विचारलं.

शेजारीण त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग वळून अक्काकडे बघून हसली.

"लाजतात बाया," साहेब म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. सून म्हणून त्या चावडीपुढं तोवर मी डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता. म्हणाले, "ती लाजत नाही, साहेब. तिला ऐकू येत नाही. तुमच्या सुईनं तिचे कान गेले. तिला रोग नव्हताच, हे आम्ही तुम्हाला उभं राहून सांगितलं होतं. जिला रोग होता ती ही बसली आहे माझ्या शेजारी, शेजारणीच्या गोळ्या खाऊन जगलेली." सरपंच ओरडला, "ये पोरी, खाली बस! चारचौघांत गावाची इज्जत घालवून राहिली?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ओळखलं त्यांनी मला, माझी खात्री आहे. बाजूच्या माणसाला म्हणाले, "त्या पेशंटचे कान तपासून घ्या," आणि पुढच्या कामाला लागले. पुढचं काम म्हणजे पुन्हा डब्या. खोकला असो नसो, या खेपेला सगळ्यांना.

संध्याकाळी वस्तीतल्या बाया आमच्या आडावर जमल्या. प्रत्येकीच्या हातात डबी. अक्का म्हणाली, "ह्या खेपेला रिकामी जाईल." सगळ्या हातातल्या डब्यांकडे बघू लागल्या. वर्षानुवर्षांची सवय होती ती. एकजण चाचरत म्हणाली, "निदान गुळाचा खडा तरी घालू का?" अक्का म्हणाली, "न्हाई. काहीच न्हाई. संबंध तुटला म्हनून कळू दे त्यास्नी." सकाळी कोतवालानं टोपली उचलली आणि ती हलकी लागली म्हणून एक एक झाकण उघडून बघितलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

दुपारी साहेब आले. पहिल्यांदाच ओढा ओलांडून आले, बूट हातात घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. समितीतला एकही माणूस बरोबर नव्हता. वस्तीत पहिलं दार शेजारणीचं. ती उंबऱ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती आणि अक्का तिच्या शेजारी. साहेब उभे राहिले. घाम पुसला. आणि इतक्या दिवसांत जे कुणी कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. त्यांनी विचारलं.

"बाई, डबी रिकामी का दिलीत? काय चुकलं आमचं?"

शेजारणीनं त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघितलं. मग अक्काकडे वळून, नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "काय म्हनून राहिला गं ह्यो?"

अक्कानं तिच्या कानाजवळ तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "काय चुकलं म्हनून इचारून राहिला!"

शेजारणीनं हातातली शेंग खाली ठेवली. साहेबांकडे सरळ बघितलं.

"आता इचारता?" ती म्हणाली.